पान दोनशे बारावरचा मुलगा

माझा हुद्दा 'तांत्रिक तपासनीस'. हे ऐकलं की लोकांना वाटतं मी लिफ्ट तपासते. आमच्या परळच्या चाळीतल्या दोन म्हाताऱ्यांचा तर अजूनही समज आहे की मी वीज कंपनीत होते, आणि मीटर जोरात पळायला लागला की ते मलाच हाक मारतात. खरं म्हणजे मी गिरगावातल्या एका छोट्या प्रकाशनाच्या ऑफिसात बसून कॉम्प्युटरची पुस्तकं तपासत असे. कादंबरीतले शब्द बरोबर असले की मुद्रितशोधकाचं काम संपतं. आमच्या पुस्तकांचं तसं नसतं. 'हा प्रोग्रॅम चालवा, म्हणजे स्क्रीनवर यादी दिसेल' असं छापलं असेल तर यादी दिसली पाहिजे. ती दिसते का, ते बघायला मी होते.

त्यासाठी पुस्तकाचं पान समोर ठेवायचं आणि अक्षर न अक्षर जसंच्या तसं टाइप करायचं. यात एकच पथ्य असतं, आपली अक्कल वापरायची नाही. अक्कल वापरली की हात आपोआप लेखकाची चूक दुरुस्त करतो, प्रोग्रॅम चालतो आणि चूक पुस्तकात तशीच राहते. सगळी नोकरी मी अक्कल बाजूला ठेवण्याचा पगार घेतला. फार लोकांना हे उघडपणे सांगता येत नाही.

संकटं कुठून यायची म्हणाल, तर बहुतेक वेळा प्रेमापोटी यायची. आमचे अक्षरजुळणी करणारे पेडणेकर हे मनाने कवी. प्रोग्रॅमच्या ओळी लहानमोठ्या असतात, डावीकडून ठरावीक अंतर सोडून लिहिलेल्या असतात. पेडणेकरांना ते विस्कटलेलं वाटायचं. एका पुस्तकातले सगळे प्रोग्रॅम त्यांनी पानाच्या मधोमध घेतले आणि प्रत्येकाखाली एक छोटं फूल टाकलं. "बाई, पान कसं भरल्यासारखं दिसतंय बघा," असं ते म्हणाले तेव्हा मला रागावताही येईना. फुलं मी एकेक करून काढली. एक राहिलंच. त्यावर एका विद्यार्थ्याचं पत्र आलं की हे चिन्ह कीबोर्डवर सापडत नाही.

दुसरी भानगड नमुन्याच्या माहितीची. डेटाबेस म्हणजे माहितीचे तक्ते. ते शिकवायचे तर पुस्तकात काहीतरी माहिती लागते, म्हणून लेखक खोटी माणसं तयार करतात: कर्मचारी क्रमांक एक, दोन, तीन, त्यांची नावं, गावं, फोन. एकदा एका लेखकाने मनाला येईल तो मोबाइल नंबर ठोकून दिला. तो निघाला माहीमच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींचा. पुस्तक बाजारात गेलं आणि पोरं गंमत म्हणून त्यांना फोन करायला लागली, "कर्मचारी क्रमांक चार आहेत का?" मावशींनी कुठून तरी पुस्तक मिळवलं, आमचा पत्ता काढला आणि मासळीची रिकामी पाटी काखेत मारून थेट तिसऱ्या मजल्यावर आल्या. आम्हाला वाटलं, आता फोनवरून भांडण होणार. त्यांची तक्रार वेगळीच होती.

"मला चार नंबर कोनी केला?" त्या गरजल्या. "आनि एक नंबर कोन हाय?"

एक नंबरवर लेखकाचे सासरे होते. ते कळल्यावर मावशी थोड्या निवळल्या. पण त्या दिवसापासून आमच्या मालकांनी, म्हणजे विजयकर साहेबांनी, नियम केला: नमुन्याच्या माहितीत कोणाचाही फोन असला तरी नंबर ऑफिसचा द्यायचा. विजयकरांचं घराणं गिरगावातलं जुनं. आजोबा कायद्याची पुस्तकं छापत, त्यामुळे नातवाला कायद्याची भीती रक्तातून आलेली. टपालवाल्याने लांबट पाकीट आणलं तरी साहेब आधी पाणी पीत. कुठल्याही संकटावर त्यांच्याकडे एकच औषध होतं, ते म्हणजे शुद्धिपत्र. छोटी चिठ्ठी छापायची आणि प्रत्येक प्रतीत चिकटवायची. नळाला पाणी आलं नाही तरी शुद्धिपत्र काढतील, असं आम्ही म्हणायचो.

आता मुख्य गोष्ट सांगते. ही माझ्या निवृत्तीच्या थोडीच आधीची. तोवर कॉम्प्युटरच्या पुस्तकांना उतरती कळा लागली होती. यंत्राला मराठीत विचारलं तरी ते प्रोग्रॅम लिहून हातात ठेवतं, मग पाचशे पानं कोण वाचणार? तरी साहेबांनी हट्टाने एक जाड पुस्तक काढलं: डेटाबेसपासून सुरुवात करून वाचकाने शेवटी स्वतःची वेबसाइट उभी करायची. लेखक एका कॉलेजात शिकवणारे. त्यांना नेहमीसारखे कर्मचारी आणि खाती घ्यायची होती. मी म्हटलं, सर, मराठी माणसाला कळेल असं काहीतरी घ्या. वधूवर सूचक मंडळ घ्या. एक तक्ता मुलांचा, एक मुलींचा, अटी घालून शोधायचं आणि जुळलं तर जोडायचं. डेटाबेसमध्ये दुसरं काय असतं?

सर खूश झाले. त्यांच्या कच्च्या प्रतीत मुलांच्या तक्त्यात 'जात' असा रकाना होता. तो मी काढला. साहेब घाबरले.

"मोहितेबाई, वधूवर मंडळात जातच नाही?"

"साहेब, पानाच्या रुंदीत सातच रकाने बसतात. उंची काढू का?"

"छे छे, उंची राहू दे."

पानाची रुंदी हे कारण खरंच होतं. मी ज्या चाळीत वाढले तिच्या टोकाला बुद्धविहार आहे, आणि त्या रकान्याशी माझी जुनी ओळख आहे, हे दुसरं कारण. ते मी साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी मान्यच केलं असतं, पण आधी पाणी प्यायले असते.

मग मी पाच मुलं तयार केली. मुलींचा तक्ता वाचकाने स्वतः भरायचा, असा स्वाध्याय होता. पाचांपैकी चौघांना मी भरपूर अपेक्षा दिल्या, कारण शोध घेण्याचं प्रकरण त्यांच्यावर चालणार होतं. मुलगी गोरी हवी, पुरणपोळी आली पाहिजे, नोकरी करणारी हवी पण सहाच्या आत घरी हवी. यातलं मी काहीही मनाने लिहिलं नाही, अशा जाहिराती लहानपणापासून वाचल्या होत्या. पाचवा समीर जाधव, वय तेहतीस, उंची पाच फूट आठ इंच, सॉफ्टवेअर कंपनीत, राहणार लोअर परळ. त्याच्या अपेक्षांचा रकाना मी कोरा ठेवला. डेटाबेसमध्ये कोऱ्या रकान्याला 'नल' म्हणतात आणि विद्यार्थी तिथे हमखास घसरतात. कोरं म्हणजे शून्य नव्हे, 'काही नको' असंही नव्हे. उत्तर अजून कळलेलं नाही, एवढंच. ते शिकवायला एक कोरा मुलगा हवा होता. त्याचा तक्ता छापला गेला पान दोनशे बारावर.

पुस्तक बाजारात गेलं. काही महिने अगदी शांततेत गेले, म्हणजे खप झाला नाही. मग एक दिवस ऑफिसचा फोन वाजला.

"समीरच्या घरून बोलताय का?" आवाज गिरगावातल्या एखाद्या जुन्या घरातला, स्वच्छ आणि शिस्तीचा. "त्यांच्या स्थळाबद्दल बोलायचं होतं. जाधव म्हणजे आमच्यातलेच ना?"

मला वाटलं रॉंग नंबर. दुसऱ्या दिवशी दादरहून एका बँकेतल्या बाईंचा फोन आला, त्यांनाही जाधव आपल्यातलेच वाटत होते. तिसरा फोन आमच्या विहारात येणाऱ्या एका काकांचा, तेही म्हणाले, "आपल्यातलाच दिसतोय." जाधव सगळ्यांत असतात. रकाना नव्हताच, तेव्हा जो तो आपापल्या सोयीने भरत होता. मग लालबागहून एक मालवणी आजी आल्या लाइनवर.

"तुमचो झील खंय कामाक आसा?"

चाळीत शेजार मालवणी असल्याने मला थोडं येतं, झील म्हणजे मुलगा. मी म्हटलं, "आजी, तो झील खरो नाय."

"खरो कोण आसता गो आजकाल?" आजी म्हणाल्या. "पत्रिका धाड."

नंबर कुठून मिळाला ते विचारल्यावर उलगडा झाला. दादरला सामंतबाई म्हणून एक वधूवर मंडळ चालवत होत्या. त्यांनी नवी वेबसाइट काढली होती. तिच्यावर पाच मुलं होती, पाचही माझी. गंमत म्हणजे बाकीच्या चौघांसाठी एकही फोन आला नाही. जो तो समीरलाच मागत होता, आणि का मागतोय ते कोणी फोनवर सांगत नव्हतं.

ते मला सांगितलं दळवींनी. अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत राहणारे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांनी जो फोन लावला तो पुढे रोज लावला, आणि एकदा लावला की दुपारचा डबा गार होईपर्यंत ठेवत नसत. मी पहिल्याच दिवशी त्यांना सरळ सांगून टाकलं.

"काका, असा मुलगा नाहीये."

"तेच म्हणतोय ताई! असा मुलगा आज मिळत नाही."

"तसं नव्हे. तो उदाहरण आहे."

"उदाहरणच घालून दिलंय हो तुम्ही. नाहीतर मुलाकडचे, नुसती यादी! आणि तुमच्याकडे काय, अपेक्षा म्हणून लिहिलंय आणि पुढे काही नाही. माझ्या मुलीने ते वाचलं आणि हो म्हणाली."

"हो म्हणाली?"

दळवींचा आवाज खाली आला. "सहा वर्षं झाली ताई. स्थळं दाखवतोय, आणि ती आपली नको म्हणतेय. कारण सांगत नाही. घरात आम्ही दोघंच. तिची आई असती तर तिने विचारलं असतं, मला ते जमत नाही. परवा मोबाइल पुढे केला, तर म्हणाली, 'बाबा, याला भेटेन.' सहा वर्षांत पहिल्यांदा. आता हे मोडलं ना, तर ती पुन्हा कोणालाच हो म्हणणार नाही. मी ओळखतो तिला."

त्या दिवशी मी फोन ठेवला. हसण्यावारी नेण्याची गोष्ट संपली होती. एका मुलीने एका छापील ओळीला होकार दिला होता आणि ती ओळ मी टाइप केली होती.

पहिलं काम, समीरला साइटवरून उतरवायचं. मी दादर गाठलं. सामंतबाई साठीच्या पुढच्या, केसांत अबोलीचा गजरा, समोरच्या खोलीतच मंडळाचं ऑफिस. टेबलावर आमचं पुस्तक, त्याला खाकी कव्हर, पानोपानी पेन्सिलच्या खुणा. खरं सांगते, माझं मन भरून आलं. एवढ्या नोकरीत, पुस्तकातला प्रत्येक स्वाध्याय केलेला वाचक मी पहिल्यांदाच बघत होते. मुलं परीक्षेच्या आठवड्यात उत्तरांची पानं तेवढी झेरॉक्स करतात. या बाईंनी पहिल्या पानापासून, माझ्यासारखीच, आपली अक्कल बाजूला ठेवून अक्षर न अक्षर टाइप केलं होतं.

"पुस्तक छानच आहे हो," त्या म्हणाल्या. "आणि वर पाच स्थळं फुकट. नव्या गॅसबरोबर लायटर देतात तसं."

"बाई, ती स्थळं नव्हेत. सरावाची आहेत."

"पण लिहिलंय ना, 'पुढील पाच नोंदी भरा'. मी भरल्या."

"पाचही जणांचा फोन एकच आहे, तुम्हाला शंका नाही आली?"

"मला वाटलं आतेमामे भाऊ असतील. एकत्र कुटुंब."

मी म्हटलं, झालं ते झालं, आता त्या नोंदी काढून टाका. सामंतबाईंनी पुस्तकाची अनुक्रमणिका उघडली, बोट फिरवलं आणि मान हलवली.

"नोंदी काढणं दहाव्या प्रकरणात आहे. माझं आठवं चालू आहे."

"अहो, एका ओळीचं काम आहे. मी करून देते."

"नको. प्रस्तावनेत तुम्हीच लिहिलंय, 'एकही प्रकरण ओलांडून पुढे जाऊ नये, पाया कच्चा राहतो.' माझं गणित शाळेत असंच कच्चं राहिलं. आता नाही राहू देणार."

ती प्रस्तावना मीच लिहिली होती. तरी मी विनंती केली, निदान नववं तरी आजच वाचा. नवव्यात कोरा रकाना आला की त्याऐवजी 'माहीत नाही' असं स्क्रीनवर कसं दाखवायचं ते होतं. साइट नेटवर चढवणं आठव्यात आणि ही काळजी नवव्यात, हा क्रम लेखकांचा. मी त्यावर पुष्कळ भांडले होते. समीरच्या नावापुढे 'अपेक्षा : माहीत नाही' असं आलं असतं तर त्याचा भाव तेवढा उतरला असता. सामंतबाईंनी कॅलेंडर बघितलं. "नववं पुढच्या मंगळवारी. घाईने केलं की डोक्यात राहत नाही." लग्नं जुळवणाऱ्या बाईला घाई करा म्हणून समजावणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. चहा पिऊन परत आले.

ऑफिसात विजयकर साहेब पाणी पीत बसले होते. दळवींचा फोन त्यांनी घेतला होता आणि त्यातून निष्पन्न झालं होतं की दळवी शनिवारी मुलाकडच्यांना भेटायला येणार.

"बाई, फसवणुकीचा गुन्हा होतो हा. आपण शुद्धिपत्र काढू." त्यांनी मजकूर तयारच ठेवला होता: 'पान २१२ वरील समीर जाधव रद्द समजावेत. तसदीबद्दल क्षमस्व.'

"साहेब, शुद्धिपत्र पुस्तकात चिकटतं. मुलगी अँटॉप हिलला आहे."

"मग तिला पोस्टाने पाठवू?"

मी नको म्हटलं. शनिवारी येऊ देत, मी समोर बसून सांगेन. फोनवर दळवींना काहीही सांगितलं तरी ते त्याचं स्थळच करत होते.

शनिवारी दुपारी दळवी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा डबा. मुलगी, मेघना, परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, ती ड्युटी संपवून परस्पर येणार होती. तोपर्यंत थांबू, म्हणजे एकदाच सांगता येईल, असं मी ठरवलं. ही चूक झाली, कारण मधल्या वेळात विजयकर साहेबांचे संस्कार जागे झाले. समोर पाहुणा, पेढे, मुलीचा बाप. साहेबांना दुसरं काही सुचेना. त्यांनी चहा मागवला, खुर्ची पुढे केली, मूळ गाव विचारलं आणि म्हणाले, "आमच्याकडून म्हणाल तर काहीच अपेक्षा नाहीत."

दळवींनी त्यांचे दोन्ही हात धरले. मी साहेबांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"घर बघायला कधी येऊ?" दळवींनी विचारलं.

"या की कधीही," साहेब म्हणाले आणि पाणी शोधायला उठले.

दळवींनी आमच्या ऑफिसभर नजर फिरवली. छतापर्यंत पुस्तकांचे गठ्ठे, कोपऱ्यात पेडणेकर मान खाली घालून बसलेले. "वाचनाची आवड आहे मुलाला," ते समाधानाने म्हणाले.

तेवढ्यात मेघना आली. साधी कुर्ती, पाठीला सॅक, चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा. येऊन वडिलांशेजारी बसली आणि वडिलांनी तिला एवढंच विचारलं, "आलीस?" ती "हं" म्हणाली. एवढ्यावर दोघांचं बोलणं संपलं. मी पुस्तक उघडलं आणि पान दोनशे बारा त्यांच्यापुढे ठेवलं. एका दमात सगळं सांगितलं. मुलगा नाही, कधीच नव्हता. हे पुस्तकातलं उदाहरण आहे, सामंतबाईंनी ते जसंच्या तसं साइटवर घातलं, आणि मला माफ करा.

दळवींनी चष्मा लावून पान वाचलं. पुन्हा वाचलं.

"पण इथे लोअर परळ लिहिलंय."

"ते मीच लिहिलंय, काका."

"उंची?"

"तीही."

"मग पाच आठ कशाला? मनाचीच लिहायची तर पाच दहा लिहायची!" दळवी एकदम चिडले आणि मग त्यांचा चेहरा इतका पडला की माझ्याने बघवेना. ते मुलीकडे बघत होते. त्यांना वाटत होतं, संपलं सगळं.

मेघना मात्र तक्त्यावरून बोट फिरवत होती. चारही मुलांच्या अपेक्षा वाचून तिला हसू आलं, पुरणपोळीपाशी तर ती मोठ्यानेच हसली. मग कोऱ्या चौकोनावर बोट थांबलं.

"हा रिकामा का ठेवलात मॅडम? याला बायकोकडून काहीच नको होतं?"

"तसं नव्हे," मी म्हटलं. "कोरं म्हणजे काही नको असं नसतं. त्याला अजून कोणी विचारलेलं नाही, एवढंच."

"मग मला आवडला ते बरोबरच," ती म्हणाली. "माझ्यासारखाच आहे."

"तुझ्यासारखा कसा?" दळवी म्हणाले. "तुझ्या अपेक्षा सामंतबाईंकडे दहा ओळी आहेत! निर्व्यसनी, सरकारी नोकरी, स्वतःचं घर, मूळ गाव कोकण..."

"त्या तुमच्या आहेत बाबा. मूळ गाव घेऊन मी काय करू?"

साहेब पाण्याचा ग्लास हातात धरून दारातच उभे राहिले. पेडणेकरांनी टायपिंग थांबवलं. दळवी चष्मा काढून पुसायला लागले, ते बराच वेळ पुसत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, अगदी हळू, "बरं. मग तुझी काय अपेक्षा आहे?"

मला वाटलं आता ती शिक्षण सांगेल, स्वभाव सांगेल. तिने थोडा विचार केला.

"जेवताना बोलणारा असावा," ती म्हणाली. "बाकी काही चालेल. आई गेल्यापासून आपल्याकडे जेवताना टीव्हीच बोलतो, बाबा. लग्न करून पुन्हा दुसऱ्या घरात टीव्ही ऐकत जेवायचं, याची भीती वाटते मला. म्हणून नको म्हणते."

मला गलबलून आलं. माझा डबा गार होईपर्यंत फोनवर बोलणारा हा माणूस, घरी गेल्यावर ताटावर बसून बातम्या बघत होता, कारण मुलीशी काय बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं. साहेबांचे डोळे तर उघड उघड भरले. त्यांनी ते आमच्याच पुस्तकाच्या जाहिरातीच्या कागदाने पुसले.

दळवींनी पेढ्यांचा डबा उघडला आणि मुलीपुढे केला. तिने एक घेतला. त्यांनीही घेतला.

"काय बोलायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"काहीही, बाबा."

दळवींनी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला, आणि ऑफिसात इतकी शांतता झाली की मलाच काहीतरी सुचवावंसं वाटायला लागलं.

"येताना," ते म्हणाले, "बस रिकामी होती."

"हो? मग खिडकी मिळाली?"

"मिळाली. पण ऊन त्याच बाजूला. इथवर भाजत आलो."

"मग उठून पलीकडे बसायचं ना!"

"उठलो तर जागा गेली असती."

"बाबा, बस रिकामी होती ना?"

दळवींनी चावता चावता विचार केला. "खरंच की," ते म्हणाले, आणि दुसरा पेढा उचलून कंडक्टरचं सांगायला लागले.